गडहिंग्लजच्या मिरचीचा राजाजीनगरमधला पत्ता

बेंगळुरूला कधी आलात आणि राजाजीनगरमध्ये मुक्काम पडला, तर सकाळी सातच्या आत एकदा गच्चीवर चढून पाहा. रस्त्यावरून हा भाग म्हणजे नुसती गर्दी वाटते. डॉ. राजकुमार रोडवरची वाहनं, खांबांवरून धावणारी ग्रीन लाइन मेट्रो, दर्शिनीसमोर उभ्याउभ्या कॉफी पिणारी माणसं. वरून मात्र वेगळंच राजाजीनगर दिसतं. पाण्याच्या काळ्या टाक्या, सोलर हीटर, कपड्यांच्या दोऱ्या आणि यांच्यामधे जिथे जागा उरेल तिथे कुंड्या. रंगाचे रिकामे डबे, तेलाचे कॅन, फुटका टब, ग्रो बॅगा. तुळस असतेच, कढीपत्ता असतोच. आणि मिरची नाही अशी गच्ची मला तरी फारशी दिसलेली नाही.

या मिरच्यांच्या मागे लागूनच मी हा भाग पाहिला. नाहीतर माझं राजाजीनगर म्हणजे भाड्याची खोली, मेट्रो स्टेशन आणि कोपऱ्यावरचं इडलीचं दुकान, एवढंच राहिलं असतं.

सी. राजगोपालाचारी म्हणजे राजाजी, त्यांच्या नावावरून हे राजाजीनगर. कारखान्यांच्या आधाराने वाढलेली ही वसाहत. आखणी सरळ रेषेत, ब्लॉक, मेन आणि क्रॉस अशी. ऐकायला सोपी, पण नव्या माणसाला चक्कर आणणारी. कारण तोच आकडा प्रत्येक ब्लॉकमध्ये पुन्हा येतो. मी सुरुवातीला दोनदा चुकीच्या 'दहाव्या मेन'वर जाऊन कुणाच्यातरी दारात उभी राहिले होते. पण जुन्या प्लॉटांचा एक फायदा आहे. इथे अजून बरीच बैठी किंवा दुमजली घरं आहेत. खाली मालक, वर भाडेकरू आणि त्याच्या वर गच्ची. टॉवरमध्ये राहणाऱ्यांना गॅलरीतल्या दोन कुंड्यांवर भागवावं लागतं, इथे अख्खं छप्पर मिळतं. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर असल्यामुळे उन्हाळाही आपल्या विदर्भासारखा भाजून काढत नाही. मिरचीला हे मानवतं.

आता नावाची एक गंमत. मिरची ही मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज आले तेव्हा त्यांच्यामागोमाग ती भारतात आली. त्याआधी आपल्याकडे तिखट म्हणजे मिरी. नवं तिखट आलं तेव्हा आपण मिरीवरूनच त्याला मिरची म्हटलं. कन्नडमध्ये काळी मिरी म्हणजे 'मेणसु' आणि मिरची म्हणजे 'मेणसिनकायी', म्हणजे मिरीचं फळ. दोन भाषांनी एकाच पाहुणीचं बारसं एकाच युक्तीने केलं. तिखटाला मात्र कन्नडमध्ये 'खारा' म्हणतात. पहिल्या महिन्यात मेसमधली आमटी वाढताना वाढप्याने 'खारा?' विचारलं आणि मी, मीठ जास्त झालंय का असं विचारतोय समजून, 'नाही, बरोबर आहे' अशी मान हलवली. पुढे काय झालं ते सांगत नाही.

आजीची पुरचुंडी

2022 च्या मे महिन्यात मी गडहिंग्लजजवळच्या आमच्या गावी गेले होते. परत निघताना आजीने जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली एक पुरचुंडी हातावर ठेवली. आत मिरचीचं बी, राखेत घोळवलेलं.

त्या भागातली मिरची बाजारात 'संकेश्वरी' म्हणून ओळखली जाते. संकेश्वर बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे कर्नाटकात. गडहिंग्लज कोल्हापूर जिल्ह्यात, म्हणजे महाराष्ट्रात. मिरचीला राज्याची हद्द ठाऊक नाही. लांब, पातळ सालीची, वाळली की सुरकुत्या पडणारी, गडद लाल. तिखट आहे, पण नुसतं तिखट नाही, तिला वास आहे. कोल्हापूरकडच्या कांदा-लसूण मसाल्यात ब्याडगी रंगासाठी टाकतात आणि ही चवीसाठी. आमच्याकडे हिला 'जवारी' म्हणतात. जवारी म्हणजे गावठी, घरची. हाच शब्द उत्तर कर्नाटकातल्या कन्नडमध्येही आहे. बेंगळुरूत मात्र 'नाटी' म्हणतात. नाटी टोमॅटो, नाटी कोंबडी.

आजीच्या शेतात मिरचीचा तरवा टाकणं बंद होऊन काही वर्षं झाली होती. मिरची म्हणजे रोग, तोडणी, वाळवणी आणि मजूर. ऊस लावला की कारखान्याची टोळी येते आणि तोडून नेते. काकांनी ऊस लावला, त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. आजी मात्र परसात पाच-सहा झाडं ठेवून दरवर्षी बी धरायची. त्या वर्षी तिचे गुडघे थकले. 'हे तुज्याकडं ऱ्हाऊ दे, माज्याच्यानं आता वाकवत न्हाई,' एवढंच म्हणाली.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, गडहिंग्लजच्या बाजारातून वाळकी संकेश्वरी आणायची आणि तिचंच बी पेरायचं. मीही आजीला हेच म्हणाले होते. तिने उत्तर दिलं नाही, नुसती माझ्याकडे पाहत राहिली. नंतर कळलं. बाजारातल्या पोत्यात दहा शेतांची मिरची असते. आजी दरवर्षी एकाच पद्धतीची फळं निवडून बी ठेवत होती, तिच्या सासूने ठेवलेल्या बियांतून. नाव एकच असलं तरी घराघरांची मिरची थोडी वेगळी होत जाते, लोणच्यासारखी.

ही पुरचुंडी घेऊन मी राजाजीनगरला आले. बागकामाचं ज्ञान शून्य. घरमालकीण बाईंनी गच्चीचा एक कोपरा दिला आणि वर सल्ला दिला की, शेजारच्या ब्लॉकमध्ये एक आंटी आहेत, त्यांना विचार, त्यांच्याकडे सगळी 'बीज' असतात.

बिया हातोहात

त्या आंटी मूळच्या हावेरीकडच्या. ब्याडगी हे गाव हावेरी जिल्ह्यातच आहे. ब्याडगी मिरचीला 2011 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रंग भरपूर आणि तिखटपणा कमी, ही तिची ख्याती. तिच्यात दोन प्रकार मानतात: बारीक लांब ती 'कड्डी' आणि गुबगुबीत ती 'डब्बी'. आंटींच्या गच्चीवर माहेरची डब्बी होती. त्यांनी दार उघडून 'बर्री, बर्री' म्हटलं आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं. बेंगळुरूचे लोक 'बन्नि' म्हणतात. 'बर्री' म्हणणारा माणूस आमच्या दिशेचा.

तिथे मी माझी पहिली अदलाबदल केली. पुरचुंडीतल्या वीस बिया मी त्यांना दिल्या. त्यांनी डब्बीच्या बिया, मूठभर शेणखत आणि अर्ध्या तासाचं व्याख्यान दिलं. वीस बिया देताना माझा हात जरा आखडला होता, हे कबूल करते. आंटींनी ते पाहिलं असावं.

बियांची देवघेव इथे फार साधेपणाने चालते. कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या पुड्या, लग्नपत्रिकेच्या पाकिटाचे तुकडे, औषधाच्या रिकाम्या डब्या. रविवारी सकाळी बागेत फिरायला येणारी पाच-सात माणसं बाकावर बसतात आणि खिशातून पुड्या निघतात. पैशांचं नाव काढायचं नाही. घेणाऱ्याने त्याच दिवशी काही द्यायलाच हवं असंही नाही; पीक आलं की द्यायचं. संक्रांतीला इथे घरोघरी 'एळ्ळु-बेल्ल' वाटतात, म्हणजे तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे. आपल्या तिळगुळाचं सख्खं भावंडं. त्या पिशवीतसुद्धा मला एकदा कोथिंबिरीच्या बियांची पुडी मिळाली. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचे डबे लुटण्यापेक्षा हे बरं.

शहरभर पसरलेलं याचं मोठं रूपही आहे. कृषी शास्त्रज्ञ डॉ. बी. एन. विश्वनाथ यांनी बेंगळुरूत गच्चीवरच्या सेंद्रिय बागेचा बराच प्रसार केला आणि त्याच मंडळींमधून 2011 मध्ये एक मेळावा सुरू झाला, 'ऊट फ्रॉम युवर तोट'. कन्नडमध्ये ऊट म्हणजे जेवण आणि तोट म्हणजे बाग. बागेतलं ताटात. शहराच्या वेगवेगळ्या भागांत तो भरत गेला, खत, रोपं, बिया आणि अनुभव यांची तिथे देवघेव होत आली. मी पहिल्यांदा हे नाव ऐकलं तेव्हा 'तोटा' ऐकू आलं आणि वाटलं, नुकसानीतून जेवण? पहिल्या वर्षीचा माझा कुंड्या-मातीचा हिशेब पाहिला, तर नाव अगदी बरोबर होतं.

आपल्या महाराष्ट्रात हे काम राहीबाई पोपेरे यांच्यामुळे घराघरांत पोचलं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाईंनी गावठी बियाण्यांची बँक उभी केली, 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामापुढे आमच्या पुड्या म्हणजे खेळणं. पण तत्त्व तेच आहे, बी एकाच घरात ठेवू नये. कायदाही याच्या आड येत नाही. पीक वाणांच्या संरक्षणाचा 2001 चा जो केंद्रीय कायदा आहे, त्यात शेतकऱ्याला आपल्या पिकाचं बी राखण्याचा, पेरण्याचा, एकमेकांना देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँडचं नाव लावून विकता येत नाही. परदेशातून बॅगेत लपवून आणलेल्या बियांचं मात्र तसं नाही. त्यांना परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो. आमच्या बाकावर एकदा कुणाच्यातरी मुलाने अमेरिकेहून आणलेल्या जालापेनोची पुडी निघाली होती. ती मी घेतली नाही. एक रोग आला तर तो गच्चीवरच थांबतो असं नाही. आणि हो, फोनवर निळ्या-जांभळ्या इंद्रधनुषी मिरच्यांच्या बियांच्या जाहिराती दिसतात, त्यांच्या नादी लागू नका.

चूक कुठे झाली

2022 च्या पावसाळ्यात मी पेरलेल्या बियांतून सात झाडं धरली. दिवाळीनंतर मिरच्या लाल झाल्या, अगदी आजीच्या परसातल्यासारख्या, लांब आणि सुरकुतलेल्या. मी फोटो पाठवले, कौतुक करून घेतलं, बी काढलं. पुरचुंडीतल्या उरलेल्या बिया पेरून संपवल्या होत्या, पण आता माझ्याकडे स्वतःचं बी होतं. म्हणजे असं मला वाटत होतं.

2023 मध्ये तेच बी पेरलं. सहा झाडं वाढली. मिरच्या लागल्या तेव्हा पहिला संशय आला. लांबी अर्धी. साल जाड, गुळगुळीत. एक भाजून चटणीत घातली तर डोळ्यांतून पाणी आणि तोंडात नुसता जाळ, वास कुठेच नाही. सहापैकी एकच झाड लांब मिरच्यांचं होतं आणि तेही मला खात्रीचं वाटेना.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. आदल्या वर्षी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं खत घातलेल्या कुंडीत एक मिरची आपोआप उगवली होती. बाजारातून आणलेल्या तिखट हिरव्या मिरचीची असणार. आयती आली म्हणून मी तिला लाडाने पाणी घातलं, आणि ती उभी होती माझ्या सात झाडांना खेटून.

इथे थोडं समजून घ्या, कारण तुमच्याही कुंडीत हे होऊ शकतं. मिरचीचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण मधमाश्या या झाडावरून त्या झाडावर जातात आणि पराग नेतात. असा संकर झाला तरी त्या वर्षीची मिरची बाहेरून आईसारखीच दिसते, कारण फळ आईच्या झाडाचं असतं. बदल झालेला असतो आतल्या बीमध्ये. तो कळतो पुढच्या वर्षी, ते बी पेरून झाड फळल्यावर. म्हणजे चूक आज आणि निकाल वर्षभराने. पुडीवर मी मोठ्या अक्षरात 'आजीची मिरची' लिहिलं होतं आणि आतलं बी कुणाचं आहे ते मला माहीत नव्हतं. वाईट गोष्ट ही की, त्यातल्या पुड्या मी 2023 च्या जानेवारीत बाकावर वाटल्याही होत्या. सगळ्यांना जाऊन सांगावं लागलं. एक काका म्हणाले, 'आम्हाला तर आवडली, चांगली खारा आहे.' त्यांना काय सांगणार?

तरी 2022 च्या झाडांपैकी दोन जिवंत होती. मिरचीचं झाड नीट छाटलं तर दोन-तीन वर्षं टिकतं. ती दोन खरी, पुरचुंडीतल्या बियांची. त्यांच्यावर या वेळी नीट बी धरायचं ठरवलं. मग 2024 चा उन्हाळा आला.

त्या वर्षीचं बेंगळुरूचं पाणी तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. बोअर आटले, टँकरचे भाव चढले. मार्चमध्ये पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचं पाणी बागेला, गाडी धुवायला वापरलं तर 5000 रुपये दंड जाहीर केला. मी तांदूळ-डाळी धुतलेलं पाणी जपून घालत होते. पण झाडं अशक्त झाली आणि चुरडा-मुरडा आला. पानं आत वळली, बोकडाच्या कानांसारखी. आमच्याकडे या रोगाला बोकड्याच म्हणतात. आंबट ताक मारलं, कडुनिंबाचं तेल मारलं. एप्रिलमध्ये दोन्ही झाडं उपटून टाकावी लागली.

आजीला सांगितलं नाही. फोनवर ती विचारायची, 'मिरची काय म्हंत्या?' आणि मी म्हणायची, 'हाय की.'

वीस बियांचा शोध

मग त्या वीस बिया आठवल्या. हावेरीच्या आंटींना दिलेल्या. त्या माझ्या चुकीच्या आधीच्या होत्या, थेट पुरचुंडीतल्या. पण दोन वर्षं उलटली होती. त्यांनी पेरल्या असतील का? पेरल्या तरी त्यांच्या डब्बीशी संकर झाला नसेल कशावरून? आणि मधल्या काळात त्यांनी घर बदललं होतं, फोन लागत नव्हता.

मे महिन्याच्या एका रविवारी मी त्यांना शोधायला निघाले. नवरंगकडून आत वळले. घरमालकीण बाईंना त्या 'ईएसआय हॉस्पिटलच्या बाजूला कुठेतरी' गेल्याचं माहीत होतं, बस. मग मी जी गच्ची हिरवी दिसेल त्या घराची बेल वाजवत गेले. लाज वाटली, पण झाडांबद्दल विचारलं की दार सहज उघडतं, हा अनुभव तुम्हीही घेऊन बघा.

पहिल्या घरात एक अज्जी सांडगी मिरच्या वाळवत होत्या. इथे त्याला 'मज्जिगे मेणसिनकायी' म्हणतात, म्हणजे ताकातली मिरची. उन्हात ठेवायची, रात्री ताकात, पुन्हा उन्हात. आमच्याकडे पोटात मेथी-धने भरतात, त्यांच्याकडे नुसतं ताक-मीठ. त्यांना आंटी माहीत नव्हत्या, पण चार मिरच्या तळून खायला घातल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही.

दोन क्रॉस पुढे एक निवृत्त काका. यांच्या गच्चीवर मलेनाडूची 'जीरिगे मेणसु', जिऱ्याएवढ्या म्हणाव्या अशा बारीक मिरच्या, आभाळाकडे तोंड करून उभ्या आणि भलत्या तिखट. काका म्हणाले, त्यातली निम्मी झाडं त्यांनी लावलेलीच नाहीत, बुलबुलांनी लावली. हे खरंच असं होतं. मिरचीचा जाळ ज्या द्रव्यामुळे होतो ते कॅपसायसिन पक्ष्यांना झोंबत नाही. आपल्याला आणि उंदरांना झोंबतं. उंदीर बी चावून टाकतो, पक्षी अख्खं गिळतो आणि दुसऱ्या गच्चीवर सोडतो. मिरचीला पक्ष्यानेच खावं, अशी तिची व्यवस्था आहे. बियांची अदलाबदल करणारा पहिला हौशी गडी बुलबुलच म्हणायचा. काकांनी आंटींना ओळखलं. त्यांच्याकडून त्यांनी शेवग्याचं बी नेलं होतं. घराचा पत्ता आठवेना, पण खूण सांगितली: 'गेटवर गोकर्णाचा वेल, निळी फुलं.'

निळी फुलं तिसऱ्या गल्लीत सापडली. आंटींनी दार उघडलं, मला दोन क्षण ओळखलं नाही, मग 'बर्री, बर्री!'

मी कॉफी संपेपर्यंत विषयच काढला नाही. धीर होत नव्हता. शेवटी मीच म्हणाले, आंटी, दोन वर्षांपूर्वी मी मिरचीच्या बिया दिल्या होत्या. त्या उठल्या आणि आतून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या. डब्यात तळाशी कोरडे तांदूळ, वर पुड्यांची चळत. त्यांनी एक पाकीट काढून माझ्यापुढे धरलं. कन्नड मला अडखळत वाचता येतं. लिहिलं होतं: 'गडहिंग्लज अज्जी मेणसिनकायी'. खाली वर्ष, महिना, आणि एक ओळ, 'पिशवी बांधून धरलेलं बी'.

माझ्या आजीने बेंगळुरू पाहिलेलं नाही. आंटींनी आजीला पाहिलेलं नाही.

पिशवी म्हणजे काय ते त्यांनी गच्चीवर नेऊन दाखवलं. समारंभात सुपारी-बदाम घालून देतात ना, त्या जाळीच्या छोट्या पोटल्या. बी धरायच्या फांदीवरच्या कळ्या उमलायच्या आधीच पोटली चढवायची आणि नाडी ओढायची. आत वारा जातो, माशी जात नाही. सकाळी दहाच्या सुमारास फांदीला टिचकी मारायची, म्हणजे पराग आतल्या आत पडतो. फळ धरलं की पोटली काढून देठाला लोकरीचा धागा बांधायचा. फक्त धागेवाल्या मिरच्यांचं बी ठेवायचं, बाकीच्या खायच्या. मिरची झाडावरच पूर्ण लाल होऊन जराशी सुकू द्यायची. बी सावलीत, थाळीत वाळवायचं. नखाने दाबल्यावर वाकलं तर ओलं आहे, मोडलं तर झालं. त्यांच्या माहेरी पोटल्या नव्हत्या, तिथे ब्याडगीच्या शेतात दुसरी मिरची लावायचीच नाही असा दंडक होता. गच्चीवर शेजाऱ्याला कसं सांगणार? म्हणून पोटल्या.

मी माझी सगळी गोष्ट सांगितली. आजीला खोटं बोलले तेही. आंटी काही म्हणाल्या नाहीत. पाकिटातल्या बिया त्यांनी ताटलीत ओतल्या. चोवीस होत्या. त्यांनी बोटाने बारा माझ्याकडे सरकवल्या आणि बारा परत पाकिटात टाकल्या.

मी म्हणाले, 'आंटी, सगळ्या दिल्या तरी...'

'एरडू मने,' त्या म्हणाल्या. दोन घरं. एकाच्या घरी मेल्या तर दुसऱ्याच्या घरी राहतात.

निघताना त्यांनी जुन्या पोटल्याही दिल्या, सोनेरी काठाच्या, कुणाच्यातरी साखरपुड्यातल्या.

त्या आठवड्यात मी आजीला व्हिडिओ कॉल केला आणि खरं ते सांगितलं. वाटलं होतं ती रागावेल. तिने आधी विचारलं, 'त्या बाईचं नाव काय?' मग म्हणाली, 'तिला वानोळा पाठव. भडंग पाठव.' भडंग गेलं. आंटींकडून कुंदा आला.

जूनमध्ये बारापैकी नऊ बिया उगवल्या. दोन वर्षांच्या बियांसाठी हे वाईट नाही. रोपं दोन पानांवर आली तेव्हा फोन कुंडीजवळ नेऊन आजीला दाखवली. तिने चष्मा लावला, फोन डोळ्यांपाशी नेला, त्यामुळे मला नुसतं तिचं कपाळ दिसत होतं.

'तीच हाय का गं आजी?'

'पानावरनं मिरची कळत न्हाई. फळ धरू दे, मग बघू.'

आता माझ्या पुडीवर नाव, गाव, महिना यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट मी लिहिते: शेजारी काय लावलं होतं. तुम्ही कुणाकडून मिरचीचं बी घेतलंत तर हे एवढं नक्की विचारा. आणि खताच्या कुंडीत आयती उगवलेली मिरची आवडली तर खुशाल ठेवा, पण दुसऱ्या टोकाला ठेवा.

तीन झाडांवर सोनेरी पोटल्या चढल्या आहेत. घरमालकीण बाईंना वाटतं, मी झाडांची लग्नं लावते आहे. त्यांच्यापैकी एकीवर पहिली मिरची बोटभर झाली आहे. लांब आहे. पण अजून हिरवी आहे.